कोन तिथला, माप इथलं

पृथ्वीच्या केंद्राशी कोनमापक घेऊन कोणी जाऊ शकत नाही. तरीही इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख असलेल्या इरॅटोस्थेनीसने त्या केंद्राशी होणारा एक कोन मोजला. त्यासाठी त्याला एका काट्याची भर दुपारची सावली पुरली. हे कसं साधलं, याचं उत्तर आपल्या आठवीच्या गणितात ‘समांतर रेषा व छेदिका’ या प्रकरणात आहे. त्या प्रकरणातले ‘संगत’ आणि ‘व्युत्क्रम’ हे शब्द बहुतेकांना पुढे आयुष्यभर आठवतात. ते शिकलो कशासाठी, हे मात्र आठवत नाही, कारण बहुतेक वेळा ते कोणी सांगितलेलंच नसतं.

सांगायचं झालं तर एका वाक्यात सांगता येतं. दोन रेषा समांतर असल्या, की एका ठिकाणचा कोन उचलून दुसऱ्या ठिकाणी जसाच्या तसा नेता येतो. जिथे हात पोचत नाही तिथला कोन, हात पोचेल तिथे आणून मोजता येतो. बाकीची नावं आणि नियम हा त्या वाहतुकीचा हिशेब आहे.

आखीव वहीचं एक पान घ्या. चार-पाच ओळींचं अंतर ठेवून त्यावरच्या दोन रेषा पेनाने गडद करा. आता पट्टी तिरकी ठेवून दोन्ही रेषांना कापणारी एक रेषा ओढा, डावीकडे खालून उजवीकडे वर जाणारी. ही झाली छेदिका. ती वरच्या रेषेला जिथे कापते तिथे चार कोन झाले आणि खालच्या रेषेला जिथे कापते तिथे आणखी चार. वरच्या छेदनबिंदूपाशी डावीकडच्या वरच्या कोनाला १ म्हणा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत २, ३, ४ लिहा. खालीही त्याच क्रमाने ५, ६, ७, ८.

आता कोनमापकाने फक्त २ नंबरचा कोन मोजा. समजा तो ६५ अंश भरला. त्याच्या शेजारचा १ नंबरचा कोन मोजायची गरज नाही. दोघे मिळून सरळ रेषेवर बसतात, म्हणून तो १८० वजा ६५, म्हणजे ११५ अंश. समोरचा ४ नंबर हा २ चा विरुद्ध कोन, म्हणजे पुन्हा ६५, आणि ३ नंबर ११५. इथपर्यंत समांतर रेषांचा काही संबंधच आलेला नाही. कोणत्याही दोन रेषा एकमेकींना कापल्या तरी हेच होतं.

समांतरपणाचं काम पुढे सुरू होतं. खालच्या चौकडीत ६ नंबर अगदी २ नंबरच्याच जागी बसलाय: दोघेही आपापल्या रेषेच्या वर आणि छेदिकेच्या उजवीकडे. हे संगत कोन. रेषा समांतर असतील तर संगत कोन सारख्याच मापाचे, म्हणून ६ नंबरही ६५. म्हणजे वरची अख्खी चौकडी छेदिकेवरून घसरत खाली आली आणि खालच्या चौकडीवर बरोबर बसली. मग ८ नंबर ६५, ५ आणि ७ नंबर ११५. सगळे सम आकडे ६५, सगळे विषम ११५. (आकडे आपण या क्रमाने टाकले म्हणून हे इतकं सुबक जमलं. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत आकडे वेगळ्या क्रमाने असतील, तेव्हा ‘सम-विषम’ हा नियम म्हणून पाठ करू नका.)

आठ कोन आणि मापं फक्त दोन. त्यातलंही दुसरं पहिल्यातूनच निघतं. म्हणजे या साऱ्या आकृतीत माहिती आहे ती एकाच आकड्याची. छेदिका लंब असेल तर तीही गंमत राहत नाही, आठही कोन ९०.

उरलेली नावं भराभर पाहून टाकू. दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात ३, ४, ५, ६ हे चार आंतरकोन आहेत. त्यातले छेदिकेच्या विरुद्ध अंगांचे ४ आणि ६, तसंच ३ आणि ५, हे व्युत्क्रम कोन. त्यांची मापं सारखी. छेदिकेच्या एकाच बाजूचे ३ आणि ६, किंवा ४ आणि ५, यांची बेरीज १८०. पट्ट्याच्या बाहेरचे १ आणि ७, २ आणि ८ हे बाह्यव्युत्क्रम, तेही सारखे. व्युत्क्रम कोन ओळखायला इंग्रजी झेड अक्षराचा आकार शोधायची युक्ती शिकवण्यांमधून फार चालते. आकृती सरळ असेपर्यंत ती ठीक आहे. प्रश्न काढणाऱ्याने आकृती फिरवली, किंवा दोन छेदिका एकमेकींवर टाकल्या, की झेड सापडत नाही आणि मूल गडबडतं. त्यापेक्षा दोनच प्रश्न विचारावेत: कोणत्या दोन रेषा समांतर दिल्या आहेत, आणि या दोन कोनांना जोडणारी छेदिका कोणती? आकृती कितीही वाकडी असली तरी हे प्रश्न चालतात.

एक उदाहरण बघा. समांतर रेषा आणि छेदिकेच्या आकृतीत एक कोन (३क्ष + १०) अंश दिलाय आणि दुसरा (५क्ष − ३०) अंश. क्ष किती? जागा सांगितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही. ते संगत किंवा व्युत्क्रम असतील तर दोघे सारखे: ३क्ष + १० = ५क्ष − ३०, म्हणजे क्ष = २० आणि दोन्ही कोन ७० अंश. छेदिकेच्या एकाच बाजूचे आंतरकोन असतील तर बेरीज १८०: ८क्ष − २० = १८०, म्हणजे क्ष = २५, आणि कोन ८५ व ९५ अंश. राशी त्याच, पण आकृतीतली जागा बदलली की उत्तर बदललं. अशा प्रश्नांत चुकणारी बरीच मुलं बीजगणितात चुकत नाहीत. समीकरण मांडण्याआधीच, आकृतीकडे नीट न बघता, ‘सारखे असणार’ असं ठरवून मोकळी होतात.

यापेक्षा रंगतदार प्रश्न वाकलेल्या रेषेचा. दोन समांतर आडव्या रेषा काढा. वरच्या रेषेवर अ बिंदू घ्या, त्याच्या बरोबर खाली दुसऱ्या रेषेवर ब, आणि दोन रेषांच्या मध्ये पण उजवीकडे सरकलेला प. आता अ-प आणि प-ब जोडा. अ पाशी वरच्या रेषेच्या उजव्या भागाशी ४० अंशांचा कोन झालाय, ब पाशी खालच्या रेषेच्या उजव्या भागाशी ३० अंशांचा. प पाशी कोन किती?

इथे छेदिकाच नाही. अ-प रेषा खालच्या रेषेपर्यंत पोचत नाही आणि ब-प वरच्या रेषेपर्यंत. मग एक रेषा आपल्या पदरची घालायची: प मधून, दोन्हींना समांतर. ही रेषा प पाशी असलेल्या कोनाचे दोन तुकडे करते. वरचा तुकडा ४० अंशांच्या कोनाचा व्युत्क्रम, खालचा ३० अंशांच्या कोनाचा. म्हणून प पाशी ७० अंश. दिलेल्या आकृतीत नसलेली एक रेषा काढली आणि दोन टोकांचे दोन कोन एका बिंदूत येऊन शेजारी शेजारी बसले.

उत्तर आलं म्हणून वही मिटू नका, प बिंदू जरा हलवून बघा. तो उजवीकडे लांब लांब नेला तर अ आणि ब पाशी असलेले कोन बारीक होत जातात आणि प पाशीही टोक निमुळतं होत जातं. उलट तो डावीकडे आणत आणत थेट अ-ब या रेषाखंडावर टेकवला, तर प पाशी वाक उरत नाही. तिथला कोन १८० अंश. म्हणजे अ आणि ब पाशी असलेल्या कोनांची बेरीज १८०. हा तर छेदिकेच्या एका बाजूच्या आंतरकोनांचाच नियम! वेगळा म्हणून पाठ केलेला नियम या वाकलेल्या रेषेच्या पोटात होता. मला विचाराल तर परीक्षेत दहा प्रश्न सोडवण्यापेक्षा असा एक बिंदू दहा ठिकाणी फिरवून बघणं जास्त शिकवून जातं.

आतापर्यंत रेषा समांतर आहेत हे आपण धरून चाललो. उलटा प्रश्न कामाच्या माणसाला जास्त पडतो: या दोन रेषा समांतर आहेत की नाहीत? कंपासपेटीतला गुण्या पट्टीला टेकवून सरकवत आपण समांतर रेषा काढतो, तेव्हा नेमकं काय करतो? पट्टी ही छेदिका. गुण्याचा पट्टीशी असलेला कोन सरकताना बदलत नाही. म्हणून प्रत्येक रेघ पट्टीशी तोच कोन करते, म्हणजे संगत कोन सारखे, म्हणजे रेषा समांतर. सरकवताना पट्टी किंचित हलली की सगळं बिघडतं, म्हणून डाव्या हाताची बोटं पट्टीवर घट्ट दाबायला सांगतात.

किंचित म्हणजे किती? समजा दोन रेषांमधला छेदिकेचा तुकडा १० सेंटिमीटर लांब आहे आणि संगत कोन ६२ आणि ६३ अंश निघाले. एका अंशाचा फरक. वहीच्या पानावर नुसत्या डोळ्यांना या रेषा समांतरच वाटतील. पण एका बाजूच्या आंतरकोनांची बेरीज इथे १७९ भरते, आणि त्या बाजूला रेषा वाढवत नेल्या तर साधारण पाच मीटरवर त्या एकमेकींना भेटतात. वर्गाच्या भिंतीपर्यंतसुद्धा त्या समांतर राहत नाहीत. म्हणून ‘आकृतीत समांतर दिसतात’ हे कारण गणितात चालत नाही. दिलेलं असायला हवं, किंवा कोनांवरून सिद्ध करायला हवं.

बेरीज १८० पेक्षा कमी भरली तर त्या बाजूला रेषा भेटतातच, हे आता आपण सहज म्हणून गेलो. याच वाक्यावर दोन हजार वर्षं वाद चालला. अलेक्झांड्रियाच्याच युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास ‘एलिमेंट्स’ रचताना हे वाक्य पाचवं गृहीतक म्हणून सिद्धतेशिवाय मांडलं. पहिली चार गृहीतकं आटोपशीर आहेत, दोन बिंदूंमधून रेषा काढता येते वगैरे. पाचवं लांबलचक आहे आणि एखाद्या प्रमेयासारखं वाटतं. खुद्द युक्लिडलाही ते वापरायची घाई नव्हती असं दिसतं. पहिल्या भागातली २८ प्रमेयं त्याने या गृहीतकाला हात न लावता सिद्ध केली. त्यातलं २७ वं प्रमेय असं: व्युत्क्रम कोन सारखे असतील तर रेषा समांतर. गुण्या सरकवण्यामागचा आधार इथवरच्या सामग्रीत मिळतो. पण २९ व्या प्रमेयात त्याला उलट दिशा हवी होती: रेषा समांतर असतील तर व्युत्क्रम कोन सारखे. तिथे मात्र पाचव्या गृहीतकावाचून गत्यंतर नव्हतं. आपण आठ कोनांतला एक मोजून बाकीचे सात फुकटात मिळवले, ते सारे या गृहीतकाच्या जोरावर.

टॉलेमी आणि प्रोक्लस यांच्यापासून उमर खय्याम आणि नसीरुद्दीन तुसीपर्यंत अनेकांनी ते गृहीतक सिद्ध करायचा प्रयत्न केला. तुसीच्या अरबी संपादनावरूनच पुढे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, सवाई जयसिंहाच्या आश्रयाला असलेल्या जगन्नाथ सम्राट यांनी युक्लिड संस्कृतात आणला. ‘रेखागणित’ या नावाचा तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘बॉम्बे संस्कृत सीरीज’मध्ये छापला गेला. तिकडे युरोपात १७३३ मध्ये साकेरी या इटालियन पाद्र्याने ते वाक्य खोटं मानून विसंगती शोधायचा घाट घातला. १७९५ मध्ये जॉन प्लेफेअरने आज शाळेत शिकवतात तो सुटसुटीत पर्याय रूढ केला: रेषेबाहेरच्या बिंदूतून त्या रेषेला एकच समांतर रेषा काढता येते. १८२९ पासूनच्या दोन-तीन वर्षांत रशियात लोबाचेव्हस्की आणि हंगेरीत यानोश बोल्याय यांनी, एकमेकांचा पत्ता नसताना, दाखवून दिलं की पाचवं गृहीतक नाकारूनही सुसंगत भूमिती उभी राहते. ते सिद्ध होत नव्हतं, कारण ते बाकीच्या गृहीतकांतून निघतच नाही.

हे फक्त पंडितांचं भांडण वाटत असेल तर पृथ्वीच्या गोलाकडे बघा. दोन रेखावृत्तं विषुववृत्ताला ९० अंशांत कापतात. विषुववृत्त ही छेदिका, एका बाजूच्या आंतरकोनांची बेरीज १८०. सपाट कागदावर अशा रेषा कधी भेटल्या नसत्या. इथे त्या ध्रुवावर भेटतात. आणि त्यांच्यात ९० रेखांशांचं अंतर असेल, तर त्यांनी आणि विषुववृत्ताने मिळून केलेल्या त्रिकोणात तिन्ही कोन काटकोन, बेरीज २७०!

कागदावरच्या त्रिकोणाची बेरीज १८० का, हेही समांतर रेषेतूनच निघतं. वरच्या शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढा. पायाच्या दोन टोकांचे कोन व्युत्क्रमाच्या नियमाने वर शिरोबिंदूपाशी येतात, मधल्या कोनाच्या दोन्ही बाजूंना बसतात आणि तिघांची मिळून सरळ रेषा होते. लहान मुलांकडून कागदी त्रिकोणाचे कोपरे फाडून शेजारी शेजारी ठेवून घेतात, तेही हेच. युक्लिडच्या ३२ व्या प्रमेयात ही बेरीज येते, २९ व्यानंतर तिसऱ्याच क्रमांकावर.

आता इरॅटोस्थेनीसकडे वळू. त्याचं स्वतःचं पुस्तक उरलेलं नाही. पद्धत कळते ती प्रामुख्याने क्लिओमिडीस या नंतरच्या लेखकाच्या वर्णनातून. इजिप्तच्या दक्षिणेला सायीनी नावाचं गाव होतं, आजचं अस्वान. उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी तिथे छायायंत्राच्या काट्याची सावली पडत नसे. (त्याच दिवशी विहिरीच्या तळापर्यंत उजळून जाणाऱ्या उन्हाची गोष्ट रोमन लेखक प्लिनी सांगतो.) त्याच वेळी उत्तरेला अलेक्झांड्रियात काट्याची सावली पडत होती. हे छायायंत्र म्हणजे वाडग्यासारखं खोलगट भांडं, मधोमध उभा काटा. सावलीने वाडग्याच्या आतल्या बाजूला व्यापलेला कंस मोजला, तो पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग भरला, म्हणजे ७.२ अंश.

आकृती अशी. सायीनीतला किरण सरळ खाली वाढवला तर पृथ्वीच्या केंद्राकडे जातो. अलेक्झांड्रियातला काटा खाली वाढवला तर तोही केंद्राकडेच जातो. दोन्ही गावांतले सूर्यकिरण एकमेकांना समांतर. मग अलेक्झांड्रियाचा काटा ही त्यांची छेदिका, आणि काट्याच्या टोकाशी किरणाने केलेला कोन हा केंद्राशी असलेल्या कोनाचा व्युत्क्रम. म्हणून केंद्राशीही ७.२ अंश. दोन गावांतलं अंतर ५,००० स्टेडिया धरलं होतं. पन्नासने गुणल्यावर परीघ आला २,५०,००० स्टेडिया. एक स्टेडियम १५७ मीटरच्या आसपास धरला तर हे ३९ हजार किलोमीटर होतात, १८५ मीटर धरला तर ४६ हजार. खरा आकडा ध्रुवांवरून मोजला तर ४०,००८ किलोमीटर.

हिशेबात चुका होत्याच. सायीनी नेमकं कर्कवृत्तावर नव्हतं, आणि दोन्ही गावं एका रेखावृत्तावरही नाहीत, त्यांच्यात सुमारे ३ अंशांचा फरक आहे. किरण समांतर असल्याचं गृहीतक मात्र जबरदस्त खरं होतं. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर असल्यामुळे ८०० किलोमीटर अंतरावरच्या दोन गावांच्या किरणांच्या दिशेत एका अंशाच्या तीन हजाराव्या भागाच्या आसपासच फरक पडतो.

पण हे गृहीतक कोणी मान्यच केलं नाही तर? चीनमधल्या ‘चौ पी स्वान चिंग’ या प्राचीन ग्रंथात अशाच सावल्यांचा हिशेब आहे, फक्त तिथे जमीन सपाट मानली आहे आणि सूर्य जवळ. किरण समांतर नाहीत, ते एका बिंदूतून पसरतात. मग सावलीतून पृथ्वीचा परीघ निघत नाही, सूर्याची उंची निघते. ग्रंथात ती ८०,००० ली (अंतराचं चिनी माप) काढली आहे. सावली खरी, भूमितीही बिनचूक, फक्त एक गृहीतक वेगळं. इरॅटोस्थेनीसचेच आकडे या चौकटीत घातले तर सूर्य सुमारे ४०,००० स्टेडिया उंचीवर येतो.

आपल्याकडेही सावलीवरूनच अक्षांश काढत. विषुवदिनी भर दुपारी किरण विषुववृत्ताच्या प्रतलाला समांतर असतात. उभा शंकू, म्हणजे सावलीचा काटा, खाली वाढवला की केंद्रापर्यंत जाणारी छेदिका झाली, आणि केंद्राशी होणारा कोन म्हणजेच त्या गावाचा अक्षांश. त्या दिवशीच्या १२ अंगुळांच्या शंकूच्या माध्यान्ह छायेला जुन्या ज्योतिषग्रंथांत पलभा म्हणतात. पुण्याची पलभा जवळजवळ ४ अंगुळं येते. १२ ला ४, म्हणजे तिनास एक. या गुणोत्तराचा कोन १८.४ अंश, आणि पुण्याचा अक्षांश आहे १८.५. रात्रीही हेच जमतं. ध्रुवताऱ्याकडे जाणारी दृष्टिरेषा पृथ्वीच्या अक्षाला जवळजवळ समांतर असते. ओळंब्याची रेषा ही छेदिका धरून संगत कोन घेतले, की क्षितिजापासून ताऱ्याची उंची म्हणजे तुमचा अक्षांश असं निघतं. पुण्यात ध्रुवतारा १८ अंशांवर दिसतो, नागपूरला २१ वर. तारा नेमका ध्रुवावर नसल्याने अर्धा-पाऊण अंश इकडेतिकडे होतो, तेवढं धरून चालायचं.

इरॅटोस्थेनीसचा प्रयोग स्वतः करायचा असेल तर महाराष्ट्र मोक्याच्या जागी आहे. सगळा प्रदेश कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे प्रत्येक गावावर सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो. पुण्यात मे महिन्याच्या मध्यावर दुपारी साधारण साडेबाराला काठीची सावली नाहीशी होते. त्या क्षणी पुणे म्हणजे सायीनी. आणि पुण्याच्या जवळजवळ थेट उत्तरेला, त्याच रेखावृत्ताच्या आसपास, राजस्थानातलं उदयपूर आहे, हवाई अंतर सुमारे ६७० किलोमीटर. तिथल्या मित्राला फोन करून, त्याच दिवशी त्याच्या भर दुपारी, एक मीटर काठीची सावली मोजायला सांगा. ती उत्तरेकडे पडेल आणि साडेदहा सेंटिमीटरच्या आसपास भरेल, म्हणजे कोन ६ अंश. ३६० भागिले ६ म्हणजे ६०, आणि ६७० गुणिले ६० म्हणजे ४०,२००.

सावलीची कड मात्र धूसर असते. सूर्याची चकती स्वतःच अर्ध्या अंशाची आहे, त्यामुळे एक मीटर काठीच्या सावलीचं टोक जवळजवळ एक सेंटिमीटरभर पुसट होतं. काठी लांब केली तर पुसटपणाही त्याच प्रमाणात वाढतो. त्यावर उपाय म्हणजे काठीच्या टोकाला सुईने भोक पाडलेला पुठ्ठा आडवा लावायचा. मग जमिनीवर सूर्याची लहानशी गोल प्रतिमा पडते आणि तिचा मध्य पेन्सिलने टिपता येतो.

हा पुठ्ठा चिनी हिशेबाचा निकाल लावायलाही लागतो. दोन गावांच्या सावल्यांनी गोल पृथ्वी आणि सपाट पृथ्वी यांत निवड होत नाही. दोन्ही चौकटींत त्या सावल्या बसतात. तिसरं गाव घ्यावं लागतं. श्रीनगर पुण्याच्या रेखांशापासून फारसं लांब नाही, उत्तरेकडचं अंतर सुमारे १,७२० किलोमीटर. जमीन सपाट आणि सूर्य जवळ असता, तर उदयपूरच्या सावलीवरून त्याची उंची सुमारे ६,३०० किलोमीटर निघते, आणि मग श्रीनगरला मीटरभर काठीची सावली २७.३ सेंटिमीटर पडायला हवी. पृथ्वी गोल आणि किरण समांतर असतील तर ती २७.८ पडेल. फरक अर्ध्या सेंटिमीटरचा, तो धूसर कडेत हरवेल. भोकाच्या पुठ्ठ्याने प्रतिमेचा मध्य टिपला, काठी ओळंब्याने सरळ उभी केली आणि जमीन पाणसळ लावून सपाट करून घेतली, तर तो फरक पट्टीवर वाचता येतो.